डीजेचा ‘फील’ आणि कानाचा हिशेब

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी डोंबिवलीहून सुटणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये विषय ठरलेला असतो. कुणीतरी आदल्या रात्रीचं रील दाखवतो. हिरव्या लेझरचे पंखे, धूर आणि त्याखाली नाचणारी गर्दी. शेजारचा म्हणतो, ‘आमच्या खिडकीच्या काचा थरथरत होत्या.’ तिसऱ्याचं म्हणणं, ‘वर्षातून एक दिवस, काय बिघडतं?’ चौथ्याकडे तर पुरावाच असतो, मोबाइलच्या ॲपवरचा डेसिबलचा आकडा. ठाणं येईपर्यंत डब्यात दोन तट पडलेले असतात.

हा वाद गणपतीपुरता नाही. ठाण्याच्या दहीहंडीत थरांइतकीच चर्चा आवाजाच्या भिंतींची होते. दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीचा फडके रोड आणि ठाण्याचा तलावपाळी परिसर तरुणांनी फुलतो, तिथेही सनई-गाण्यांच्या जोडीला डीजे आला. आता मूर्तीचे आगमन सोहळेही रीलसाठी गाजतात. उत्साह खराच असतो. प्रश्न एवढाच, की डब्यातल्या या मतांपैकी शरीरशास्त्राला किती मान्य आहेत?

आधी ‘एक दिवसाने काय होतं’ हे बघू. डेसिबलची मोजपट्टी साध्या पट्टीसारखी नाही. दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते. म्हणजे ६० डेसिबलच्या साध्या गप्पांपेक्षा १०० डेसिबलचा आवाज दहा हजार पट ऊर्जा घेऊन कानावर आदळतो. कामगारांच्या आरोग्यासाठी अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या संस्थेने घातलेली शिफारस सोपी आहे: ८५ डेसिबल असेल तर आठ तास आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. या हिशेबाने १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं मिळतात आणि १०९ ला दोन मिनिटंही नाहीत. मिरवणूक तर पाच-सहा तास चालते. ‘एक दिवस’ म्हणताना आपण दिवस मोजतो, कान मिनिटं मोजतो.

कानाच्या आत शंखासारख्या भागात साधारण पंधरा-सोळा हजार रोमपेशी असतात. आवाजाच्या कंपनांचं मेंदूला कळेल अशा संकेतात रूपांतर त्या करतात. पक्ष्यांमध्ये त्या मेल्या तर पुन्हा उगवतात, माणसात नाही. मिरवणुकीनंतर कान बधिर होणं, शिट्टी वाजत राहणं ही या पेशी थकल्याची खूण. बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरं वाटतं आणि ‘झालं ना नीट’ असा निष्कर्ष निघतो. इथेच २००९ साली कुजावा आणि लिबरमन या संशोधकांनी उंदरांवर केलेला प्रयोग लक्षात घ्यायला हवा. मोठ्या आवाजानंतर उंदरांची ऐकण्याची क्षमता चाचणीत पूर्ववत झाली होती, पण रोमपेशी आणि मज्जातंतू यांना जोडणारे बरेच दुवे कायमचे तुटलेले आढळले. माणसात हे किती प्रमाणात घडतं यावर अजून अभ्यास चालू आहे. शांत खोलीत नीट ऐकू येतं, पण गर्दीत समोरच्याचे शब्द कळत नाहीत, या तक्रारीमागे असंच काही असावं, असा तज्ज्ञांचा कयास आहे.

आता ॲपचा आकडा. मोबाइलचा मायक्रोफोन माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो. फार मोठ्या आवाजात तो गोंधळतो आणि खालच्या पट्टीतला घुमणारा आवाज नीट पकडत नाही. त्यामुळे दोन फोन शेजारी धरले तरी वेगळे आकडे दिसू शकतात. पण गंमत म्हणजे पोलिसांकडचं यंत्रही एक गोष्ट कमीच दाखवतं. आपल्याकडचे नियम ‘डीबी-ए’ या मापात आहेत. माणसाच्या कानाला खालचे सूर कमी जाणवतात, म्हणून हे माप त्यांना मोठी सूट देतं. ५० हर्ट्झच्या आवाजाला सुमारे ३० डेसिबलची. छातीत धडधडणारा, भांडी वाजवणारा बेस खरोखर ११० डेसिबलचा असला तरी त्या मापात ८० च्या आसपास दिसेल. शिवाय बेस भिंतीतून सहज आरपार जातो. ‘आकडा मर्यादेत आहे’ म्हणणारा कार्यकर्ता आणि ‘घर हादरतंय’ म्हणणाऱ्या आजी, दोघंही एकाच वेळी खरं बोलत असू शकतात.

मंडळांची आणखी एक तक्रार असते: ‘स्पीकर निम्मे केले, तरी पोलीस थांबवतात.’ स्पीकर निम्मे केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो, कानाला जेमतेम कळेल इतकाच. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केलं तर साधारण ६ डेसिबल कमी होतात. फडके रोडसारख्या दोन्ही बाजूंनी इमारती असलेल्या रस्त्यावर तेवढाही फायदा नाही, कारण आवाज भिंतींवर आपटून परत येतो. खरा उपाय आवाजाचं बटण खाली करणं, तेच नको असतं. ‘पारंपरिक वाद्यं लावा’ हा सल्लाही आंधळेपणाने देऊ नये. ढोल-ताशाच्या मधोमध उभं राहिलं तर तोही शंभराच्या पुढे जातो आणि पथकातली मुलं आठवडेच्या आठवडे सराव करतात.

‘आमच्याच सणांना नियम का?’ हा प्रश्न हमखास येतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. रुग्णालय, शाळा, न्यायालयापासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र. ठाण्यातले डॉक्टर महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये दिलेल्या निकालात ध्वनिक्षेपक लावणं हा मूलभूत हक्क नाही, असं सांगितलं आणि ते कोणत्याही धर्माला लागू आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये ईदच्या मिरवणुकांबाबतच्या सुनावणीतही न्यायालयाची भूमिका हीच होती, की गणेशोत्सवात जे घातक ते ईदलाही घातक. नियम सगळ्यांना सारखे आहेत. अंमलबजावणी सगळीकडे सारखीच ढिली आहे, ही तक्रार मात्र रास्त.

त्याच सुनावणीत लेझरचा विषय निघाला तेव्हा न्यायालयाने विचारलं, शास्त्रीय पुरावा कुठे आहे? प्रश्न योग्य होता, कारण लेझरबद्दल जितकं बोललं जातं त्यातलं निम्मं लेझरबद्दल नसतंच. ट्रकवरचे फिरणारे पांढरे झोत, ज्यांना धंद्यात शार्पी म्हणतात, ते दिवे असतात. डोळे दिपवतात, पण लेझर नव्हेत. लेझरचा किरण पसरत नाही. डोळ्याचं भिंग तो पडद्यावर सुईच्या टोकाएवढ्या जागी एकवटतं, तीव्रता सुमारे लाखपट वाढते. एक मिलिवॉटपर्यंतच्या किरणापासून पापणी मिटण्याची सवय आपल्याला वाचवते, कारण तिला पाव सेकंद पुरतो. कार्यक्रमांतले लेझर शेकडो, कधी हजारो मिलिवॉटचे असतात. किरण वेगाने फिरत असतो म्हणून बहुतेक जण बचावतात. तो थांबला किंवा जवळून थेट डोळ्यात गेला की धोका.

पुरावा हवाच असेल तर रशियातला घ्यावा. जुलै २००८ मध्ये मॉस्कोजवळ एका खुल्या संगीत महोत्सवात पाऊस आला. वर ताडपत्री बांधली. आकाशाकडे सोडायचे लेझर मग गर्दीवर सोडले गेले आणि कित्येकांच्या दृष्टिपटलाला भाजल्याच्या जखमा झाल्या. आंतरराष्ट्रीय मानकांत लेझर प्रेक्षकांच्या जमिनीपासून किमान तीन मीटर उंचीवर ठेवण्याचा दंडक आहे तो यासाठीच. आपल्याकडे यंत्र ट्रकवर असतं आणि ते गर्दीकडे तोंड करून लावतात. समजा कुणी तीन मीटरचा नियम पाळलाच, तर किरण नेमका पहिल्या मजल्याच्या गॅलरीत मिरवणूक बघणाऱ्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर येईल. अरुंद रस्त्यांच्या शहराला हा नियमही पुरत नाही.

दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत. त्यामुळे इजा झाल्याचं लगेच लक्षात येत नाही. दुसऱ्या दिवशी नजरेच्या मधोमध करडा ठिपका दिसणं, सरळ ओळी वाकड्या दिसणं ही लक्षणं. अशा वेळी मेडिकलमधून थेंब आणून घालत बसू नये, डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडद्याची तपासणी करून घ्यावी. मोबाइलच्या कॅमेऱ्यातही असा किरण थेट शिरला तर फोटोवर कायमची रेघ उमटते.

कानासाठी फोमचे बोळे औषधांच्या दुकानात मिळतात. नीट पिळून आत बसवले तर बराच आवाज अडवतात, कापूस मात्र जवळजवळ काहीच अडवत नाही. तान्ह्या मुलाला घेऊन स्पीकरच्या भिंतीसमोर उभं राहू नये, त्याला ‘कान दुखतोय’ सांगता येत नाही. कानातली शिट्टी दोन दिवसांनंतरही थांबली नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावं. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर ‘मळ असेल’ म्हणत आठवडा घालवू नये. अशा बहिरेपणावरची औषधं पहिल्या काही दिवसांत सुरू झाली तरच त्यांचा उपयोग होण्याची शक्यता जास्त असते.