ग्रीन कार्डाची वाट, लेखांक ६ : एक जूनचे वाढदिवस

मागच्या आठवड्यात रांगेबद्दल लिहिलं होतं. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं, त्यात कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांचा वाटा जास्तीत जास्त सात टक्के, आणि म्हणून भारतीयांची वर्षानुवर्षांची वाट. त्या उशिरावर अर्जदाराकडे औषध नाही. आजचा उशीर निराळा आहे. नंबर लागलाय, आय-४८५ हा ग्रीन कार्डाचा अर्ज भरलाय, बोटांचे ठसे देऊन झालेत, आणि एक दिवस पत्र येतं : आणखी पुरावा पाठवा. आपल्या मंडळींच्या भाषेत, ‘आरएफई आली’.

आरएफई म्हणजे नकार नव्हे. पण उत्तर पोहोचेपर्यंत फाईल बाजूला पडून राहते. उत्तराला जास्तीत जास्त ८४ दिवस मिळतात आणि मुदत वाढवून मिळत नाही. शिवाय मागितलेलं सगळं एकदाच, एकत्र पाठवायचं असतं. ‘हे आत्ता घ्या, उरलेलं मागाहून पाठवतो’ ही आपल्या तहसील कचेरीत चालणारी रीत इथे अंगाशी येते. जे पाठवलं तेवढ्यावरच निर्णय होतो.

मराठी घरांत ही पत्रं बहुतेकदा एकाच कागदापाशी अडलेली मी पाहिली आहेत : जन्मदाखला.

याचं मूळ आपल्या घरांतच आहे. बाळंतपण माहेरी, म्हणजे आईच्या गावी. नोंद करायची ती आजोबांनी किंवा मामांनी. केली तर केली. पुढे मूल शाळेत गेलं की गुरुजींनी वय अंदाजे ठरवून तारीख लिहिली १ जून. महाराष्ट्रात एका पिढीतली निम्मी वऱ्हाडं एकाच दिवशी जन्मलेली दिसतात ती त्यामुळे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची ती तारीख मग पासपोर्टवर उतरली. आणि ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात खरी तारीख सापडलीच तर ती असते भलतीच, श्रावणातली वगैरे.

ज्यांची नोंद आहे त्यांचीही सुटका नाही. नोंद झाली तेव्हा बारसं झालेलं नसतं, म्हणून नावाचा रकाना कोरा. नाव नंतर घालता येतं, पण ते कुणाच्या ध्यानात येतं? आईचं नाव दाखल्यावर ‘सुशीला’, पासपोर्टवर ‘सुशीलाबाई’. कुणी पासपोर्टसाठी म्हणून तिशीत नोंदणी करून घेतलेली असते. दाखला नवाकोरा, शिक्का ठसठशीत, आणि अधिकाऱ्याची नजर जाते ती नेमकी नोंदणीच्या तारखेवर. जन्मानंतर तीस वर्षांनी झालेली नोंद त्याला पुरत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचं फारसं चुकत नाही. (गोवेकरांचं त्या मानाने बरं, तिथे पोर्तुगीज राजवटीपासून जन्माची नोंद होत आली आहे.)

नोंदच नसेल तेव्हा वाट ठरलेली आहे. जिथे जन्म झाला त्या महापालिकेकडून, नगरपालिकेकडून किंवा ग्रामपंचायतीकडून नोंद आढळत नसल्याचा दाखला घ्यायचा. तो आईच्या गावचा हवा, वडिलांच्या नव्हे. इथे पुष्कळजण चुकतात. त्यासोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रं. प्रतिज्ञापत्रात ती व्यक्ती कोण, नातं काय, जन्म कुठे आणि कधी झाला, हे तिला कसं ठाऊक, असं सगळं हवं. धाकट्या भावाने मोठ्याच्या जन्माची साक्ष द्यायची नसते, हेही मला इथे लिहावं लागतंय. तसे कागद मी पाहिले आहेत.

मराठी दाखल्याचं इंग्रजी भाषांतर संपूर्ण हवं. मागच्या बाजूचा शिक्का, समासातली हस्तलिखित नोंद, सगळं. आपल्याला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर अचूक व पूर्ण आहे, असं भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यायचं. त्यावर नोटरीचा शिक्का लागत नाही, तरी आपल्याकडे तो मारल्याशिवाय कुणाचं समाधान होत नाही.

काही आरएफई मात्र अर्जदाराच्या चुकीने येत नाहीत. ऑक्टोबर २०२० मध्ये रांगेतल्या तारखा एकदम पुढे सरकल्या आणि हजारो भारतीयांनी अर्ज भरले. तारखा मागे गेल्या, अर्ज पडून राहिले, तोवर कित्येकांच्या वैद्यकीय तपासणीची मुदत संपली. पुन्हा डॉक्टर, पुन्हा फी. आता तपासणीचा अहवाल अर्जासोबतच द्यावा लागतो आणि तो त्या अर्जापुरताच चालतो; अर्ज मागे घेतला किंवा फेटाळला गेला तर नव्या अर्जाला नवी तपासणी.

अर्ज भरायला अजून अवकाश असेल तर एक काम आजच करा. आईच्या माहेरी फोन लावा. तुमच्या जन्माच्या वेळी घरात असलेली मावशी किंवा मामी आता ऐंशीच्या घरात असेल. तिची सही आधी घ्या, दाखल्याचं नंतर पाहू.

पुढच्या आठवड्यात : घरातलं मूल एकविसाव्या वर्षाकडे सरकतं तेव्हा.