देब्युसी, रावेल आणि धुक्याचा आळ

‘मन शांत करणारं संगीत’ अशी कुठलीही यादी मोबाइलवर उघडा, देब्युसीचं ‘क्लेर द ल्यून’ त्यात बहुधा सापडतंच. पियानो, चांदणं, मिटलेले डोळे. एकोणिसावं शतक सरताना आणि विसावं उजाडताना फ्रान्समध्ये जे संगीत घडलं, त्याला ‘इंप्रेशनिस्ट’ म्हणतात आणि त्याबद्दलचं आपलं मतही बरेचदा इथंच ठरून जातं: गोड, धूसर, झोप आणणारं. या मताभोवती आणखी काही समजुती जमल्या आहेत. त्या एकेक तपासून पाहू.

गैरसमज १: चित्रकारांच्या चळवळीतून हे संगीत निघालं आणि संगीतकारांनी तिचं नाव आनंदानं घेतलं.

वस्तुस्थिती: हे नाव आधी चित्रकारांना आणि मग संगीतकारांना चिकटलं, आणि दोन्ही वेळा ते टीका म्हणूनच. १८७४ साली मोनेच्या सूर्योदयाच्या चित्राच्या नावातला ‘इंप्रेशन’ हा शब्द पकडून एका समीक्षकानं अख्ख्या प्रदर्शनाची खिल्ली उडवली, तेव्हा क्लोद देब्युसी अकरा वर्षांचा होता. त्या चित्रकारांचं शेवटचं गटप्रदर्शन १८८६ मध्ये झालं. पुढच्याच वर्षी देब्युसीच्या ‘वसंत’ या रचनेवर पॅरिसच्या कला अकादमीनं ‘संदिग्ध इंप्रेशनिझम’चा ठपका ठेवला. त्याची चीड त्याच्या मनातून गेली नाही. १९०८ मध्ये आपल्या प्रकाशकाला लिहिताना, हा शब्द वापरणाऱ्यांना त्यानं सरळ मूर्खांत काढलं. त्याची खरी ऊठबस होती ती मालार्मेसारख्या प्रतीकवादी कवींमध्ये. चित्रकारांत त्याला टर्नर आणि व्हिसलर आवडत. ‘ला मेर’ म्हणजे ‘समुद्र’ या त्याच्या रचनेची स्वरलिपी १९०५ मध्ये छापली गेली, तेव्हा मुखपृष्ठावर मोने नव्हता, जपानच्या होकुसाईची लाट होती.

गैरसमज २: ही सुरांतली निसर्गचित्रं आहेत.

वस्तुस्थिती: ‘ला मेर’ची सुरुवात झाली ती १९०३ मध्ये बर्गंडीतल्या एका गावी, किनाऱ्यापासून कोसो दूर. समोर समुद्र नाही म्हणून देब्युसीचं काही अडलं नाही, त्याला आठवणी पुरेशा होत्या. त्याच्या पियानोच्या ‘प्रेल्यूद’ रचनांची छापील पानं पाहा. शीर्षक माथ्यावर नाहीच. रचना संपल्यावर, खाली, कंसात, तीन टिंबांनंतर ते येतं. आधी वाजवा, ऐका, मग हवं तर नाव वाचा. त्यातल्या ‘व्ह्वाल’ या नावाचे तर फ्रेंचमध्ये दोन अर्थ होतात, शिडं आणि बुरखे. देब्युसीनं ते मोकळंच सोडलं.

गैरसमज ३: या संगीताला नियम नाहीत, म्हणून ते धूसर वाटतं.

वस्तुस्थिती: हार्मोनियम घ्या आणि सा, रे, ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नी एवढेच सहा सूर वाजवा. दर दोन सुरांमधलं अंतर सारखं आहे. पंचम नाही, शुद्ध मध्यम नाही, आणि सा कडे ओढून नेणारा शुद्ध निषादही नाही. त्यामुळे कुठलाही सूर षड्ज वाटू शकतो आणि कानाला पाय टेकायला जागा मिळत नाही. ‘व्ह्वाल’ जवळजवळ सगळं याच सहा सुरांवर उभं आहे. मधेच काही क्षण ते पाच काळ्या पट्ट्यांवर जातं आणि परततं. खाली खर्जात एकच सूर पुन्हा पुन्हा वाजत राहतो. म्हणजे धुकं आहे खरं, पण ते मोजून मापून पसरलेलं आहे.

गैरसमज ४: देब्युसी आणि रावेल, एक ऐकला की दुसरा कळला.

वस्तुस्थिती: मोरिस रावेल देब्युसीपेक्षा तेरा वर्षांनी लहान, पण पाण्यावरची त्याची ‘जो दो’ ही पियानोरचना १९०१ मधली, देब्युसीची ‘पाण्यातली प्रतिबिंबं’ १९०५ मधली. आपण आधी होतो हे रावेलनं टीकाकारांना ठणकावून सांगितलं होतं. ‘जो दो’मध्ये पाणी उसळतं, शिंतोडे उडतात, पण आतला सांगाडा दोन सुरावटींच्या जुन्या सोनाटा बांधणीचा आहे. रावेलचे वडील इंजिनिअर. यंत्राच्या नेमकेपणाची ओढ ‘बोलेरो’मध्ये (१९२८) उघडच दिसते. तिथं ढोलाचा एकच छोटा ठेका शेवटपर्यंत चालतो आणि वाद्यवृंद हळूहळू फुगत जातो.

आणि ही गोष्ट फक्त या दोघांची नाही. ‘प्री द रोम’ हे मानाचं पारितोषिक पाच वेळा प्रयत्न करूनही रावेलला मिळालं नव्हतं. १९१३ मध्ये लिली बुलांजेनं ते एकोणिसाव्या वर्षी पटकावलं. संगीतरचनेसाठी ते मिळवणारी ती पहिली स्त्री. १९१८ च्या मार्चमध्ये, देब्युसीच्या दहा दिवस आधी, ती चोविसाव्या वर्षी गेली.

गैरसमज ५: त्यांनी आपले राग उचलले.

वस्तुस्थिती: देब्युसीला पूर्वेकडून जो मोठा धक्का बसला तो १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात, जावा बेटावरच्या गामेलान या पारंपरिक वाद्यवृंदाच्या वादकांकडून. भारताशी धागा जुळतो तो इतरांचा. फ्रेंच संगीतकार आल्बेर रूसेल १९०९ मध्ये इथं फिरून गेला. त्याच्या ‘एव्होकास्यों’ या रचनेचा पहिला भाग ‘गुहांच्या सावलीतले देव’ वेरूळच्या लेण्यांवरून सुचलेला आहे. रावेलचा शिष्य मोरिस देलाज यानंही भारतप्रवासानंतर चार गीतं रचली आणि त्यांना मद्रास, लाहोर, बनारस, जयपूर अशी गावांची नावं दिली. पण वेरूळच्या नावानं ऐकायला बसाल तर राग सापडणार नाही. सापडेल एका फ्रेंच माणसाला अंधाऱ्या लेण्यात शिरताना जे वाटलं ते, त्याच्याच वाद्यवृंदाच्या भाषेत.

गैरसमज ६: हे मागे लावून ठेवायचं संगीत आहे.

वस्तुस्थिती: मालार्मेच्या कवितेवरून देब्युसीनं रचलेली ‘फॉनच्या दुपारची नांदी’ घ्या. फॉन म्हणजे अर्धा माणूस, अर्धा बोकड. २२ डिसेंबर १८९४ ला पॅरिसमध्ये ती पहिल्यांदा वाजली आणि श्रोत्यांनी तिथल्या तिथे पुन्हा वाजवायला लावली. जेमतेम दहा मिनिटांची रचना. ट्रंपेट नाहीत, ट्रॉम्बोन नाहीत, नगारेही नाहीत.

सुरुवातीला एकटा फ्लूट. हार्प आणि हॉर्न साथीला येतात, आणि लगेच एक पूर्ण बार, म्हणजे तालाचं एक माप, शांतता. पार्श्वसंगीत म्हणून लावलंत तर ही शांतता तुम्हाला ऐकूच येणार नाही. मग फ्लूट तीच सुरावट, त्याच स्वरापासून पुन्हा धरतो. आता मात्र त्या स्वराखाली तंतुवाद्यांची एक स्वरसंगती आहे. तिसऱ्यांदा तीच सुरावट येते तेव्हा खालची संगती आणखी बदललेली असते. फ्लूटचा स्वर जागचा हललेला नाही, तरी तीनदा वेगळा लागतो. एकदा हे कानानं टिपलं की ‘क्लेर द ल्यून’सुद्धा झोपेसाठी लावणं जड जातं.