हवामानाचा अंदाज आणि सावधगिरीची किंमत

पंचगंगेच्या खोऱ्यात बर्फ पडत नाही. तथापि या देशातील पावसाचा अंदाज शास्त्रीय पद्धतीने बांधण्याचा पहिला प्रयत्न झाला तो हिमालयातील बर्फाकडे पाहूनच. १८७५ साली भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली आणि पाठोपाठ १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने दख्खन होरपळून निघाला. पुढील पावसाळा कसा जाईल हे काही महिने आधी सांगता येईल काय, हा प्रश्न त्या दुष्काळाने राज्यकर्त्यांपुढे उभा केला. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी त्याचे उत्तर हिमालयात शोधले. हिवाळ्यात व वसंतात तेथे बर्फ अधिक पडले, तर पुढचा मोसमी पाऊस क्षीण होतो, असे त्यांनी १८८४ साली मांडले. यामागचा तर्क साधा होता. बर्फाने झाकलेली भूमी सूर्याची उष्णता परतवून लावते; उरलेली उष्णता बर्फ वितळवण्यात खर्ची पडते; भूमी उशिरा तापते आणि समुद्रावरचे बाष्पयुक्त वारे आत खेचणारी शक्ती दुबळी राहते. काही वर्षे प्रायोगिक अंदाज दिल्यानंतर ४ जून १८८६ रोजी खात्याने देशाच्या पावसाचा पहिला नियमित अंदाज प्रसिद्ध केला.

या घटनेला आता सुमारे एकशे चाळीस वर्षे लोटली. या काळात शास्त्र कितीतरी पुढे गेले. परंतु अंदाज ऐकणाऱ्या समाजाने तो कसा ऐकावा, हे शिक्षण मात्र जवळजवळ जेथल्या तेथेच राहिले. अंदाज म्हणजे जणू वचन, आणि ते पाळले गेले नाही म्हणजे फसवणूक, अशीच सर्वसाधारण समजूत दिसते. २०१७ च्या जुलैत बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्याच्या शेतकऱ्यांनी चुकीच्या अंदाजामुळे नुकसान झाले म्हणून हवामान खात्याविरुद्ध पोलिसांकडे तक्रार केली. तिच्यातील संताप समजण्यासारखा होता, कारण मातीत गेलेले बियाणे खरे होते. तरीही प्रश्न उरतोच : अनिश्चिततेचा गुन्हा नोंदवायचा कोणावर?

खुणा अनेक, खात्री कोठेच नाही

बर्फाची खूण खोटी ठरली नाही, पण ती पुरेशीही ठरली नाही. १९०४ ते १९२४ या काळात खात्याची धुरा वाहणारे गणितज्ञ गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या वायुभाराच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या. पॅसिफिक व हिंदी महासागरांवरील वायुभार तराजूच्या दोन पारड्यांप्रमाणे वरखाली होतो, हे त्यांना त्यातून गवसले. पुढे त्याचा संबंध पॅसिफिकमधील ‘एल निनो’शी जोडला गेला. १९८८ पासून वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा घटकांवर आधारलेले प्रारूप उपयोगात आणले. त्या घटकांत हिमालयातील बर्फालाही स्थान होते.

यांपैकी कोणतीही खूण एकटी निर्णायक नाही, हे अनुभवाने पुनःपुन्हा सिद्ध केले. १९९७ साली विसाव्या शतकातील अत्यंत तीव्र ‘एल निनो’ उद्भवला. तरीही देशात पाऊस सरासरीच्या १०२ टक्के झाला. २००२ साली ‘एल निनो’ मध्यम स्वरूपाचा होता; पण त्या वर्षीच्या जुलैत निम्म्याहून अधिक पाऊस बुडाला आणि सर्वसाधारण पावसाचा अंदाज असताना देश दुष्काळात सापडला. २००९ साली एप्रिलमधील अंदाज ९६ टक्क्यांचा होता, प्रत्यक्ष पाऊस ७८ टक्के पडला. उलट २०१५ साली खात्याने आधी ९३ आणि जूनमध्ये ८८ टक्क्यांचा अंदाज दिला, व पाऊस ८६ टक्के झाला. चुकलेल्या अंदाजांच्या गोष्टी चावडीवर वर्षानुवर्षे निघतात. २०१५ ची आठवण कोणी काढत नाही.

हा दोष केवळ यंत्रसामग्रीचा नव्हे. आरंभीच्या नोंदींतील अत्यल्प फरकही काही दिवसांत संपूर्ण निराळे हवामान दाखवू शकतो, हे एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ सालीच दाखवून दिले होते. म्हणूनच आजचे महासंगणक एकच गणित न करता आरंभीच्या स्थितीत किंचित फेरफार करून तेच गणित अनेकवार करतात आणि त्यांपैकी किती उत्तरे एका बाजूला झुकतात ते पाहतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत विकसित झालेली, सहा किलोमीटरच्या चौकटीपर्यंत उतरणारी नवी प्रणाली २०२५ च्या मे महिन्यात कार्यान्वित झाली. त्यामुळे अंदाज अधिक सूक्ष्म होतील यात शंका नाही. पण ते निश्चित होणार नाहीत.

नक्षत्रांची वाहने सांगणारे पंचांग किंवा अक्षय तृतीयेला बुलढाणा जिल्ह्यात होणारी भेंडवळची घटमांडणी यांचे आकर्षण अद्याप टिकून आहे, त्याचे एक कारण येथेच सापडते. तेथील भाषा ठाम असते. बेडूक आला की पाऊस भरपूर, गाढव आले की पाऊस लहरी! शास्त्र मात्र ‘शक्यता आहे’ एवढेच म्हणते. ठाम असत्यापेक्षा संदिग्ध सत्य अधिक उपयोगी असते, हे पटायला समाजाला वेळ लागतो.

अंदाज वाचावा कसा?

एप्रिलमध्ये जाहीर होणारा टक्केवारीचा अंदाज हा संपूर्ण देशाचा आणि संपूर्ण हंगामाचा असतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर धरली जाते, आणि ९६ ते १०४ टक्क्यांमधील पाऊस सर्वसाधारण समजला जातो. या एका आकड्यावरून गगनबावड्यात किंवा शिरोळमध्ये काय घडेल हे काढणे म्हणजे देशाच्या दरडोई उत्पन्नावरून एखाद्या घरचा पगार सांगण्यासारखेच आहे. २०१९ हे वर्ष त्या दृष्टीने बोलके आहे. हंगामाचा अंदाज सर्वसाधारण पावसाचा होता. जूनअखेर देशात ३३ टक्के तूट होती आणि चर्चा दुष्काळाची चालली होती. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात मात्र पंचगंगा व कृष्णा यांनी कोल्हापूर-सांगलीला विळखा घातला, आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी येऊन वाहतूक दिवसेंदिवस ठप्प झाली. सरासरीच्या पोटात दुष्काळही लपतो आणि महापूरही.

जवळच्या मुदतीचे इशारे रंगांच्या भाषेत येतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. कोल्हापूर जिल्ह्यात हे रंग वाचताना भूगोल विसरून चालत नाही. लाल इशारा बहुधा घाटमाथ्यासाठी असतो. शाळांना सुट्टी जाहीर व्हावी आणि नेमके त्याच दिवशी शहरात स्वच्छ ऊन पडावे, हा प्रसंग विद्यार्थ्यांना आनंदाचा आणि शिक्षकांना विनोदाचा विषय होतो. पण शहराचा पूर शहराच्या आकाशातून येत नाही. तो गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या तालुक्यांतील डोंगरांवर पडतो; कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांच्या पात्रांतून उतरतो; आणि मग राजाराम बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीवर चढू लागतो. तेथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे. २०१९ साली आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले. २०१९ मध्ये अनेकांनी २००५ च्या पुराच्या खुणेवर भिस्त ठेवली होती. भिंतीवरची जुनी खूण हीच निसर्गाची मर्यादा, असे मानणे हाही एक अंदाजच होता. आणि तो सर्वांत महाग पडला.

सावधगिरीचा हिशेब

अंदाज खरा की खोटा, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या दृष्टीने दुय्यम आहे. मुख्य प्रश्न असा की सावधगिरीला खर्च किती, आणि ती न घेतल्यास नुकसान किती. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीचे किंवा बापट कॅम्पचे उदाहरण घ्यावे. पुराचे दिवस आणि गणेशोत्सवापूर्वीचे मूर्तिकामाचे दिवस एकच असतात. समजा, एखाद्या कारखान्यात चार लाख रुपयांच्या मूर्ती तयार आहेत, आणि त्या उंचावरील जागेत हलवण्यास भाडे, टेम्पो व मजुरी मिळून वीस हजार रुपये लागतात. गल्लीत पाणी शिरण्याची शक्यता शंभरात केवळ वीस आहे. ‘ऐंशी टक्के काही होणार नाही’ असे म्हणून मूर्तिकार स्वस्थ बसला, तर ते शहाणपणाचे ठरेल काय? असे पाच प्रसंग आले, तर त्यांतील एका वेळी पाणी येईल असे धरावे लागते. पाचही वेळा मूर्ती हलवल्या तर खर्च एक लाख. एकदाही हलवल्या नाहीत तर नुकसान चार लाख. म्हणजे पाचपैकी चार वेळा ‘चुकणारा’ इशारासुद्धा मानणेच फायद्याचे आहे. खर्च नुकसानीच्या जितका कमी, तितक्या कमी शक्यतेवर हालचाल केली पाहिजे, हा यातील नियम.

याच नियमाने एकच अंदाज दोन माणसांना दोन निराळी उत्तरे देतो. जूनच्या आरंभी पाऊस येण्याची शक्यता साठ टक्के असली, तर विहिरीचे पाणी हाताशी असलेला बागायतदार पेरणीचे धाडस करू शकतो. कर्जाने बियाणे आणलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला दुबार पेरणी परवडत नाही; त्याने पाऊणशे ते शंभर मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल येईपर्यंत थांबावे हेच बरे. धरणांची गोष्टही अशीच. पुराच्या भीतीने जुलैत पाणी सोडून द्यावे आणि पुढे पावसाने पाठ फिरवली तर उन्हाळ्यात टंचाई. साठा राखून ठेवावा आणि मुसळधार कोसळली तर खालच्या गावांना पूर. राधानगरीच्या सात स्वयंचलित दरवाजांना हा पेच पडत नाही. पाणी ठरलेल्या पातळीला पोचले की ते आपोआप उघडतात. ते अंदाज वाचत नाहीत. निर्णय घेणाऱ्या माणसांनी मात्र तसे होऊन चालणार नाही.

चुकलेल्या इशाऱ्याचा भार कोणावर?

येथेच या विषयातील अन्याय दडलेला आहे. वरच्या हिशेबात मूर्तिकाराचा फायदा दीर्घ मुदतीचा आहे, पण वीस हजारांचा खर्च आजचा आहे. ज्याच्या गाठीला पैसा आहे तो चार इशारे फुकट गेले तरी पाचव्या वेळी मूर्ती हलवील. ज्याच्याकडे नाही, तो पहिल्या दोन ‘चुकां’नंतर थांबेल, आणि नेमका तिसऱ्या वेळी बुडेल. पंचगंगेच्या काठावरील सुतारवाड्यातील किंवा प्रयाग चिखली, आंबेवाडी येथील कुटुंबाने घर सोडायचे म्हणजे केवळ चालत जाणे नव्हे. जनावरे हलवायची, वैरण विकत घ्यायची, रोजची मजुरी बुडवायची. हे सर्व करूनही पाणी आले नाही तर शेजारी हसतात आणि हिशेब कोणी विचारत नाही. घर ‘लोक ऐकत नाहीत’ म्हणून बुडत नाही. पुष्कळदा ते ऐकणे परवडत नाही म्हणून बुडते.

शासनाची मदत मात्र पंचनाम्यानंतर सुरू होते. भिंत पडली तर अनुदान, भांडी वाहून गेली तर अनुदान. पण भांडी वाहून जाऊ नयेत म्हणून केलेल्या खर्चाला पंचनाम्यात रकानाच नाही. नुकसानीची भरपाई आणि सावधगिरीची उपेक्षा, असा हा उफराटा व्यवहार आहे. तो बदलता येतो. २०२० च्या जुलैत बांगलादेशात ब्रह्मपुत्रेचा पूर शिगेला पोचण्यापूर्वीच, केवळ अंदाजाच्या आधारावर, संयुक्त राष्ट्रांच्या आपत्कालीन निधीतून पैसा मोकळा करण्यात आला, आणि नदीकाठच्या कुटुंबांच्या हाती पाणी येण्याआधी रोख रक्कम पडू लागली. पंचगंगेकाठी हे अशक्य का असावे? राजाराम बंधाऱ्याची पातळी आणि घाटमाथ्याचा लाल इशारा या दोन गोष्टी जुळल्या की पूररेषेतील ठरावीक कुटुंबांना स्थलांतराचा व चारापाण्याचा खर्च त्याच दिवशी मिळावा. मग पाणी येवो अथवा न येवो.

यावर आक्षेप घेतला जाईल की पूर आला नाही तर हा पैसा वाया जाईल. पण आग लागली नाही म्हणून विम्याचा हप्ता वाया गेला, असे कोणी म्हणत नाही. गैरवापराची शंकाही अनाठायी नाही. तथापि पूररेषेतील घरांच्या याद्या पावसाळ्यापूर्वी गावोगाव लावल्या, आणि रक्कम देण्याची पातळी आधीच जाहीर केली, तर पुरानंतरच्या घाईगर्दीतील पंचनाम्यांपेक्षा ही व्यवस्था अधिक स्वच्छ राहील.

हवामान खात्यानेही आपली भाषा अधिक उघडी केली पाहिजे. ‘मुसळधार पावसाची शक्यता’ या शब्दांत शक्यता शंभरात दहा आहे की सत्तर, हे सामान्य वाचकाला कळत नाही. आणि ते कळल्याखेरीज वरचा हिशेब त्याला मांडता येत नाही. शाळा-महाविद्यालयांतून संभाव्यतेचे गणित फासे आणि नाणी यांवर शिकवले जाते. तेच राजाराम बंधाऱ्याच्या रोजच्या नोंदींवर शिकवले, तर ते विद्यार्थ्यांच्या घरापर्यंत पोचेल.

ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फ पाहून जो अंदाज बांधला, त्याचे मोल तो अचूक होता म्हणून नव्हते. पाऊस पडण्याआधी विचार करता येतो, हे त्याने दाखवले म्हणून होते. विचार करण्याची ती सोय आज मोबाइलवरून घरोघरी पोचली आहे. त्या विचाराप्रमाणे वागण्याची ऐपत मात्र अजून सर्वांपर्यंत पोचलेली नाही. पुढचा लाल इशारा कदाचित चुकेल. त्या चुकीची किंमत एकट्या सुतारवाड्याने मोजू नये, एवढी व्यवस्था करणे माणसाच्या हातात आहे.