जटायूचे वंशज
रायगड जिल्ह्यातल्या म्हसळा तालुक्यात, चिरगावच्या उंच झाडांवर पांढऱ्या पाठीची गिधाडं घरटी करतात. जोडी वर्षाला एकच अंडं घालते, नर-मादी दोघंही ते उबवतात. एकेक पिल्लू किती मोलाचं! कारण १९९० नंतर भारतातली ही गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त घटली. गुरांना टोचलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जायचं आणि मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तोवर मुंबईत पारशी बांधव मृतदेह ठेवतात त्या दोखम्यावरही गिधाडं येईनाशी झाली होती.

‘गिधाड’ हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो, याचं मला फार वाईट वाटतं. सीतेसाठी रावणाशी झुंजलेला जटायू गिधाडच ना? तो नाशिक जिल्ह्यातल्या टाकेदला कोसळला, अशी श्रद्धा आहे.