दर चाळीस सेकंदांनी नवे पाच

अमेरिकेच्या आयोवा राज्यात मका आणि सोयाबीनच्या शेतांनी वेढलेलं ग्रिनेल हे जेमतेम नऊ हजार वस्तीचं गाव आहे. गावाच्याच नावाचं कॉलेज, विद्यार्थी सतराशेच्या आसपास, अभ्यास कडक. ‘इंटेल’च्या संस्थापकांपैकी एक असलेले रॉबर्ट नॉइस १९४९ मध्ये इथूनच पदवीधर झाले. अशा कॉलेजाला पुरुषांच्या बास्केटबॉलसाठी कुणी ओळखेल, असं १९८९ मध्ये कुणाच्या मनातही आलं नसतं. त्या साली डेव्हिड आर्सेनो प्रशिक्षक म्हणून रुजू झाले, तेव्हा या संघाचे सलग पंचवीस हंगाम जिंकण्यापेक्षा जास्त हरण्यात गेले होते.

ग्रिनेल अमेरिकी कॉलेज क्रीडा व्यवस्थेच्या तिसऱ्या श्रेणीत खेळतं. या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. टीव्हीवर दिसणाऱ्या मोठ्या विद्यापीठांत मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली सहायक, व्हिडिओ तपासणारे, व्यायाम करून घेणारे असा मोठा ताफा असतो आणि त्याचा पगार कोटींत जातो. छोट्या कॉलेजात सगळा भार एक मुख्य प्रशिक्षक, एखाद-दुसरा सहायक आणि मदतीला येणारे विद्यार्थी यांच्यावर असतो. नवे खेळाडू शोधायचे तेही यांनीच, आणि मुलगा चांगला खेळतो एवढं पाहून भागत नाही. त्याला या कॉलेजात प्रवेश मिळायला हवा, तो इथे टिकायला हवा आणि पैशाचं आमिष नसताना त्याला इथे यावंसं वाटायला हवं.

आर्सेनोंपुढची अडचण पराभवांपुरती नव्हती. बास्केटबॉलमध्ये कोर्टवर पाच जण असतात, सामना चाळीस मिनिटांचा. बहुतेक संघांत सात-आठ जणच सगळा वेळ वाटून घेतात. उरलेले रोज सराव करतात, बसमधून तासन्‌तास प्रवास करतात आणि सामन्याच्या दिवशी बाकावर बसून टाळ्या वाजवतात. शिष्यवृत्ती नाही, वर परीक्षा डोक्यावर, मग असा मुलगा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी संघ सोडतो. ग्रिनेलमध्ये हेच चाललं होतं. आर्सेनोंनी या गळतीवर जो उपाय काढला तो मुळात शिक्षकाचा होता: वर्गातल्या प्रत्येक मुलाला फळ्यापाशी बोलवायचं. पुढचे सगळे विक्रम या एका निर्णयातून निघाले.

त्या काळात कॅलिफोर्नियातल्या लॉयोला मेरीमाउंटचे प्रशिक्षक पॉल वेस्टहेड वेगवान खेळासाठी गाजत होते. १९८९-९० च्या हंगामात त्यांच्या संघाने सामन्यागणिक सरासरी १२२.४ गुण केले. आर्सेनोंनी तो वेग उचलला आणि त्याला आपली जोड दिली. संघाच्या पाच-पाच जणांच्या तुकड्या केल्या. एक तुकडी मैदानात जाऊन पस्तीस ते पंचेचाळीस सेकंद जीव तोडून धावते, बाहेर येते, की लगेच दुसरी आत. खो-खोत बचावाचे गडी तिघा-तिघांच्या तुकडीने उतरतात, हे ज्याने पाहिलंय त्याला यातला जोर लगेच कळेल. इथे मात्र बाद होण्याची वाट कुणी पाहत नाही, घड्याळच खेळाडूला बाहेर काढतं.

एवढ्या थोड्या वेळासाठीच धावायचं असल्यामुळे दम राखून खेळायची गरज उरत नाही. बचाव संपूर्ण कोर्टवर होतो. प्रतिस्पर्ध्याने चेंडू आत टाकल्या क्षणापासून त्याच्या अंगावर जायचं, पास चुकवायला लावायचा. तो सापळ्यातून सुटला तर सुटू द्यायचा. त्याने सोपी बास्केट केली तरी दोनच गुण जातात, शिवाय चेंडू लगेच आपल्या हाती येतो. मग काही सेकंदांत आपला शॉट, आणि तो शक्यतो तीन गुणांच्या रेषेबाहेरून.

ऐकायला हा गोंधळ वाटतो, पण त्यामागे कडक हिशेब आहे. कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या मदतीने जुन्या सामन्यांची आकडेवारी चाळून पाच उद्दिष्टं ठरवली गेली. सामन्यात किमान ९४ शॉट मारायचे. त्यांतले निम्मे, म्हणजे ४७, तीन गुणांचे असावेत. हुकलेल्या शॉटपैकी एक तृतीयांश वेळा चेंडू पुन्हा आपल्याच हाती यावा. प्रतिस्पर्ध्याला ३२ वेळा चेंडू गमवायला लावावा. आणि त्याच्यापेक्षा आपले २५ शॉट जास्त व्हावेत. किती टक्के शॉट आत गेले, हा आकडा या यादीत नाही. नेम लागणं-न लागणं त्या दिवसाच्या नशिबावर असतं, शॉटची संख्या मात्र धावून वाढवता येते. साध्या कुवतीच्या पंधरा मुलांना हा विचार केवढा धीर देत असेल!

या पद्धतीत प्रशिक्षकांच्या बाकावरचं कामही बदलतं. नेहमीचा प्रशिक्षक खुणा करून एकेक चाल लावतो. इथे खेळ इतका वेगात चालतो की चाल ओरडून सांगेपर्यंत चेंडू दुसऱ्या टोकाला पोहोचलेला असतो. चाली, जागा, कुणी कुठून मारायचं, हे सगळं सरावातच पक्कं करावं लागतं. सामन्यात मुख्य काम उरतं ते वेळेचं आणि मोजणीचं. नियमानुसार बदली खेळ थांबल्यावरच होते, त्यामुळे पुढच्या पाचांना गुणलेखकाच्या टेबलापाशी आधीच तयार ठेवावं लागतं. गुणफलक काय दाखवतो यापेक्षा शॉट किती झाले, चेंडू किती हिसकावले, याची नोंद महत्त्वाची, आणि ती कुणीतरी अखंड ठेवावी लागते. घड्याळ आणि कागद हीच प्रशिक्षकांची खरी हत्यारं.

फळ यायला काही वर्षं लागली. १९९६ मध्ये ग्रिनेलने आपल्या गटाचं, मिडवेस्ट कॉन्फरन्सचं, विजेतेपद मिळवलं, १९६२ नंतर पहिल्यांदाच. २००३-०४ मध्ये सामन्यागणिक १२६.२ गुणांची सरासरी गाठून वेस्टहेडच्या संघालाही मागे टाकलं. याच दशकात प्रशिक्षकाचा मुलगा, डेव्हिड आर्सेनो ज्युनियर, वडिलांच्या संघात खेळला. २००७ मध्ये एकाच सामन्यात त्याने ३४ बास्केटसाठी अचूक पास दिले, तोही विक्रमच. पदवीनंतर तो वडिलांचा सहायक झाला.

बाप-लेकांच्या या बाकाकडे सगळ्या जगाचं लक्ष गेलं ते २० नोव्हेंबर २०१२ च्या रात्री. फेथ बॅप्टिस्ट बायबल कॉलेजविरुद्ध जॅक टेलर या गार्डने एकट्याने १३८ गुण केले. १०८ शॉट, त्यांतले ५२ आत. तीन गुणांचे ७१ प्रयत्न, २७ यशस्वी. मध्यंतरालाच त्याचे ५८ गुण झाले होते. रिओ ग्रँड कॉलेजच्या बेवो फ्रान्सिसचा १९५४ मधला ११३ गुणांचा विक्रम मोडला. कोबी ब्रायंटपासून लेब्रॉन जेम्सपर्यंत व्यावसायिक बास्केटबॉलचे तारे त्याच्याबद्दल बोलले. त्याच सामन्यात हरलेल्या संघाच्या डेव्हिड लार्सनने ७० गुण केले, हे फार थोड्यांच्या लक्षात राहिलं. अंतिम आकडे १७९-१०४.

टीका तेव्हाही झाली आणि तिच्यात तथ्य होतं. प्रतिस्पर्धी दुबळा होता. हंगामाच्या सुरुवातीला टेलरचा नेम लागत नव्हता, म्हणून त्या रात्री जास्तीत जास्त शॉट त्यालाच मिळावेत असं प्रशिक्षकांनी ठरवलं होतं. चाळीसपैकी छत्तीस मिनिटं तो कोर्टवर होता. सगळ्यांनी खेळायचं, हा ज्या पद्धतीचा पाया, तिच्याच नावावर एकट्याच्या पराक्रमाचा सर्वांत मोठा विक्रम लागला. ही विसंगती झाकता येत नाही. त्या रात्रीच्या निर्णयात प्रसिद्धीचा हिशेबही असणार, कारण शिष्यवृत्ती न देणाऱ्या कॉलेजला नवे खेळाडू मिळवायला अशी बातमीच उपयोगी पडते. तरी ग्रिनेलची किंमत त्या एका रात्रीवरून करणं अन्यायाचं होईल. दुसऱ्या कुठल्याही संघात बाकावरच उरली असती अशी मुलं इथे हंगामामागून हंगाम खेळली, त्या मुलांची गणती या हिशेबात आधी व्हायला हवी.

पुढचं वळण मराठी वाचकाला जवळचं वाटेल. एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगमधल्या सॅक्रामेंटो किंग्ज संघाची मालकी २०१३ मध्ये मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्याकडे आली. बास्केटबॉलचा काडीचा अनुभव नसताना त्यांनी पूर्वी आपली मुलगी खेळत असलेल्या, बारा वर्षांच्या मुलींच्या संघाला शिकवलं होतं. उंची-कौशल्यात कमी पडणाऱ्या त्या मुलींनी सामनाभर पूर्ण कोर्टवर दबाव ठेवला आणि त्या राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोचल्या. माल्कम ग्लॅडवेल यांनी २००९ मध्ये ‘न्यू यॉर्कर’मध्ये ती हकीकत लिहिली. अशा मालकाच्या संस्थेला ग्रिनेलचं आकर्षण वाटलं नसतं तरच नवल. २०१४ मध्ये किंग्जच्या दुय्यम संघाचं, रीनो बिगहॉर्न्सचं, प्रशिक्षकपद धाकट्या आर्सेनोला मिळालं.

रीनोतही गुणांचा पाऊस पडला. सरासरी १३० च्या वर गेली. त्या धावत्या संघात साडेसात फुटांच्या घरातला सिम भुल्लर होता, पंजाबी आई-वडिलांचा कॅनडात वाढलेला मुलगा. एवढ्या थोराड देहाच्या खेळाडूला या वेगात बसवणं म्हणजे प्रशिक्षकाची कसोटीच. एप्रिल २०१५ मध्ये भुल्लर किंग्जकडून एनबीएत उतरला आणि तिथे खेळणारा भारतीय वंशाचा पहिला खेळाडू ठरला. मात्र व्यावसायिक खेळाडू पगारासाठी आणि वरच्या संघात निवड व्हावी म्हणून खेळतो. आपली मिनिटं वाटून घेणं त्याला परवडत नाही. रीनोतला प्रयोग दोन हंगामांत आटोपला.

ग्रिनेलमध्ये तो चालू राहिला. २०१८ मध्ये थोरले आर्सेनो निवृत्त झाले आणि मुख्य प्रशिक्षकपद मुलाकडे आलं. त्यालाही नवे खेळाडू निवडताना आधी गुणपत्रिका पाहावी लागते आणि शिष्यवृत्ती देता येत नाही. घरी भेटायला गेल्यावर आई-वडिलांना तो सांगू शकतो ती गोष्ट एवढीच, की तुमच्या मुलाला इथे खेळायला मिळेल.