तोरा तिचा, लेखणीही तिचीच!

नाटकाचं नाव 'सेक्स'. साल 1926. न्यू यॉर्कच्या वर्तमानपत्रांनी जाहिरात छापायला नकार दिला, समीक्षकांनी झोडपून काढलं, आणि प्रयोग झाले तब्बल 375! श्रेयनामावलीत लेखिका म्हणून नाव होतं जेन मास्ट. ही जेन मास्ट दुसरीतिसरी कुणी नव्हती. ती या नाटकाची नायिकाच होती, मे वेस्ट.

मे वेस्ट म्हटलं की सोनेरी केस, हिऱ्यांचा लखलखाट आणि कमरेवर हात ठेवून डुलत येणारी बाई डोळ्यांपुढे उभी राहते. पण मला विचाराल, तर तिची खरी ताकद लेखणीत होती. तोंडचं वाक्य तिचं स्वतःचं असायचं, म्हणूनच ते नेमकं जिथे झोंबायचं तिथे झोंबायचं.

दहा महिने नाटक धो धो चालल्यावर पोलिसांना अचानक नीतिमत्ता आठवली. फेब्रुवारी 1927 मध्ये थिएटरवर धाड पडली. शिक्षा झाली दहा दिवसांची कैद आणि 500 डॉलर दंड. वेल्फेअर आयलंडवरच्या तुरुंगात मेबाई वॉर्डन आणि त्याच्या बायकोबरोबर जेवायला बसायच्या! चांगल्या वर्तणुकीबद्दल दोन दिवस माफ झाले, आठव्या दिवशी सुटका. बाहेर आल्यावर एका मासिकाकडून मिळालेले 1000 डॉलर तिने तुरुंगातल्या बायकांच्या वाचनालयासाठी देऊन टाकले. बदनामीसाठी आत टाकलेली बाई बाहेर आली ती देशभर नाव गाजवूनच.

त्याच वर्षी तिने समलिंगी पुरुषांच्या आयुष्यावर 'द ड्रॅग' हे नाटक लिहिलं होतं. कनेक्टिकट आणि न्यू जर्सीत प्रयोग झाले, पण ब्रॉडवेवर ते येऊ दिलं गेलं नाही. 1927 साली या विषयावर नाटक लिहायला किती धाडस लागलं असेल!

हे धाडस घरातूनच आलेलं. जन्म 17 ऑगस्ट 1893, ब्रुकलिन. वडील जॉन वेस्ट मुष्टियोद्धे, 'बॅटलिन जॅक' म्हणून ओळखले जाणारे. आई बव्हेरियातून आलेली, कॉर्सेटची मॉडेल. बापाचा ठोसा आणि आईचा ठसका, दोन्ही लेकीत उतरले.

एक गुपित मात्र तिने वर्षानुवर्षं सांभाळलं. 1911 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, फ्रँक वॉलेस या सहकलाकाराशी तिने गुपचूप लग्न केलं होतं. 1935 मध्ये मिलवॉकीच्या जुन्या दप्तरात नोंद सापडली. आधी तिने साफ कानावर हात ठेवले. 1937 मध्ये अखेर शपथेवर कबुली द्यावी लागली.

हॉलिवूडमध्ये ती पोचली 1932 मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर. आपल्याकडेच काय, तिकडेही त्या वयात नायिकांना आईच्या भूमिका मिळतात. 'नाइट आफ्टर नाइट'मध्ये तिला छोटंसं काम होतं. संवाद पसंत पडेनात, तेव्हा तिने ते स्वतः लिहायची परवानगी मिळवली. क्लबमधली पोरगी देवाचं नाव घेत तिच्या हिऱ्यांचं कौतुक करते, आणि हे हिरे मिळण्यात देवाधर्माचा काही संबंध नाही असं सुनावून ती जिना चढून जाते. एका वाक्यात सिनेमा तिचा झाला.

पुढच्याच वर्षी 'शी डन हिम राँग' आला. तिच्याच 'डायमंड लिल' नाटकावरून केलेला, पण ते बदनाम नाव वापरायला बंदी, म्हणून नायिकेचं बारसं पुन्हा झालं: लेडी लू. कर्जात रुतलेल्या पॅरामाउंट स्टुडिओला या सिनेमाने हात दिला. काळ 1890 च्या दशकाचा, म्हणजे तिच्या आईच्या कॉर्सेटचाच. नायक म्हणून तिने निवडला तो देखणा कॅरी ग्रँट. आपणच त्याला शोधला, असं ती सांगायची. पण त्याआधी त्याचे बरेच सिनेमे येऊन गेले होते, तेव्हा हा दावा काही मान्य करता येत नाही.

1934 मध्ये सेन्सॉरचा फास आवळला. तिची युक्ती ऐका. पटकथेत ती मुद्दाम दोनचार अतिभडक वाक्यं घालायची. सेन्सॉर त्यांवर तुटून पडायचा आणि तिला हवी असलेली वाक्यं सुखरूप सुटायची! 1937 मध्ये रेडिओवर मात्र फसगत झाली. आदम आणि ईव्हच्या प्रहसनाची संहिता आधीच मंजूर झालेली होती, पण ते मंजूर शब्द तिने आपल्या आवाजात म्हटले आणि गहजब झाला. एनबीसी या रेडिओ कंपनीने तिला वर्षानुवर्षं दूर ठेवलं.

तिच्या बांध्याने तर वस्तूंनाही जन्म दिला. चित्रकार दालीने तिच्या ओठांचा सोफा केला. फॅशन डिझायनर स्कियापारेल्लीच्या 'शॉकिंग' अत्तराची बाटली तिच्या धडाच्या आकाराची. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांनी हवा भरून फुगणाऱ्या जीवरक्षक जॅकेटला 'मे वेस्ट' नाव दिलं, ते थेट शब्दकोशात गेलं.

आणि ही भव्य दिसणारी बाई उंचीला जेमतेम पाच फूट! पायघोळ झग्याखाली उंचच उंच तळाचे बूट असत. तिची ती प्रसिद्ध डुलती चाल अर्धी त्या बुटांवर तोल सांभाळण्यातून आलेली.

बीटल्सना 'सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड' या अल्बमच्या मुखपृष्ठावर तिचं चित्र हवं होतं. एकाकी लोकांच्या क्लबात माझं काय काम, म्हणून तिने आधी नकार दिला. चौघांनी पत्र लिहिल्यावर राजी झाली. शेवटचा सिनेमा 'सेक्स्टेट' 1978 मध्ये आला, वय 84, आणि तेव्हाही ती नवरीच्या भूमिकेत. 22 नोव्हेंबर 1980 ला ती गेली, आणि ब्रुकलिनमध्येच दफन झाली.

'शी डन हिम राँग' जरूर पाहा. अवघ्या 66 मिनिटांचा आहे. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेला आजवरचा सर्वांत छोटा सिनेमा तोच.