धंद्यातला सोबती

मराठी माणूस धंद्यात मागे का राहतो, या प्रश्नावर आजवर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. भांडवलाचा अभाव, जोखमीची धास्ती, पहिल्या तारखेच्या पगाराची ओढ ही ठरावीक कारणे प्रत्येक परिसंवादात मांडली जातात. त्यांत तथ्य नाही असे कोण म्हणेल? परंतु या यादीत एक कारण सहसा येत नाही. धंदा करणाऱ्याला धंदाच करणारा मित्र लागतो, आणि आपल्या समाजातून नव्याने या वाटेला लागणाऱ्या माणसाला नेमका तोच नसतो. शाळासोबती असतात, भजनी मंडळातले असतात, तालमीतले असतात. परंतु ज्याच्याजवळ थकलेल्या उधारीची गोष्ट काढावी आणि ज्याला ती न समजावता समजावी, असा सोबती शोधूनही सापडत नाही.

भोर तालुक्यातील आंबवडे गाव घ्या. नागेश्वराचे प्राचीन देवालय, ओढ्यावरचा संस्थानी काळातील झुलता पूल आणि कान्होजी जेध्यांची समाधी यांमुळे या गावाचे नाव बाहेरच्यांना ठाऊक असते. अशा गावातला एखादा तरुण शिरवळच्या कारखान्यात जाऊन वेल्डिंग शिकतो, पाचसहा वर्षांनी नोकरी सोडतो आणि शेड, दारे, ट्रॉल्या बनवण्याचे स्वतःचे दुकान थाटतो, अशी कल्पना करू. कर्ज मिळणे आज पूर्वीइतके दुरापास्त राहिलेले नाही. 2015 साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेसारख्या सोयी आहेत. खरी परीक्षा येते ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. मोठ्या गिऱ्हाइकाने पैसे अडकवलेले असतात, पोलादाचा भाव चढलेला असतो, जीएसटी भरण्याची तारीख डोक्यावर असते आणि हाताखाली तयार झालेला कारागीर थोड्या जास्त पगारासाठी निघून गेलेला असतो. हे सांगायचे कोणाला? वडिलांना सांगितले तर 'नोकरी सोडू नकोस म्हणत होतो' एवढेच ऐकावे लागते. पत्नीला सांगावे तर तिची झोप उडते. कामगारांना सुगावा लागला तर तेही दुसरीकडे पाहू लागतात, आणि बँकेच्या साहेबांना सांगणे म्हणजे पुढच्या कर्जावर स्वतःच्या हाताने पाणी सोडणे. तेव्हा तो गप्प राहतो. बाहेरून दुकान चालू दिसते, आत माणूस एकटा पडलेला असतो. अशी दुकाने तोट्याने बुडाली असे आपण म्हणतो. त्यांतली कित्येक केवळ वेळेवर दोन शब्द विचारायला माणूस न मिळाल्याने बुडतात, असे माझे मत आहे.

गुजराती किंवा मारवाडी घरातील मुलाला हा प्रश्न पडत नाही. त्याची बुद्धी आपल्या मुलांहून तीक्ष्ण असते अशातला भाग नाही. पेढीवर बसलेल्या चुलत्याच्या तोंडून, लग्नाच्या पंगतीत, अगदी सुतकाच्या बैठकीतही त्याच्या कानांवर व्यापार पडत असतो. कोणाचा माल अडकला, कोणी मुदत मागितली, कोणी ती दिली, हे त्याला न शिकवता येते. दिवाळे निघाले तरी त्याची बोलाचाल बंद होत नाही, कारण त्या घरांत ते अघटित नसते. शिक्षकाच्या, कारकुनाच्या वा शेतकऱ्याच्या घरातील मुलाला हे रक्ताच्या नात्यातून मिळणे नाही. त्याने ते मैत्रीतून मिळवावे लागते.

बरोबरीच्यांचे महत्त्व या मावळाला नवीन नाही. 1659 साली अफझलखान चालून आला तेव्हा आदिलशाही फर्माने मावळच्या देशमुखांच्या दारी पोहोचली होती. कान्होजी जेध्यांनी आपल्या वतनावर पाणी सोडून शिवाजी महाराजांची बाजू धरली, हे शाळेतल्या मुलालाही माहीत असते. त्यानंतर त्यांनी जे केले त्याकडे मात्र आपले कमी लक्ष जाते. आपल्याच दर्जाच्या इतर मावळी देशमुखांना त्यांनी गोळा केले आणि त्यांची समजूत काढली. महाराजांच्या आज्ञेने जे झाले असते त्याहून हे निराळे होते. ज्याचे स्वतःचे वतन त्याच तराजूत पडले आहे त्याचा शब्द शेजारच्या वतनदाराला पटला. रोहिड खोऱ्यातील जेधे आणि हिरडस मावळातील बांदल यांचे पूर्वीचे वैर प्रसिद्ध आहे. परंतु 1660 साली घोडखिंडीत बांदलांनी पराक्रमाची शर्थ केल्यावर जेध्यांकडचा पहिल्या तलवारीचा मान बांदलांकडे गेला आणि जेध्यांनी तो संतोषाने सोडला, अशी परंपरा आहे. देशमुख काही कारखानदार नव्हते, हे मान्य. तरी स्पर्धा करणाऱ्या दोन घरांत अशी दिलदारी संभवते, एवढे दाखवायला हे उदाहरण पुरे आहे.

आधुनिक उद्योगात याचे सर्वांत ठळक मराठी उदाहरण कराड आणि पुणे यांच्या दरम्यान घडले. नीळकंठराव कल्याणी हे कराडकडचे, शेतमालाच्या व्यापारातले गृहस्थ. शंतनुराव किर्लोस्कर हे 1926 साली मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयातून पदवी घेऊन आलेले यंत्रज्ञ, आणि 1946 साली खडकीला ऑइल इंजिनांचा कारखाना उभारणारे कारखानदार. इंजिनाला क्रँकशाफ्ट लागतो. तो तापलेल्या पोलादावर घणाचे प्रचंड आघात करून घडवावा लागतो, आणि असे घडीव भाग देशातच चांगले होण्याची निकड इंजिन करणाऱ्यास सर्वांत आधी कळते. शंतनुरावांच्या सल्ल्याने आणि प्रोत्साहनाने नीळकंठराव या धंद्यात उतरले आणि 1961 साली 'भारत फोर्ज'ची स्थापना झाली. व्यापाऱ्याने एकदम अवजड कारखानदारीत उडी घ्यावी, हे एरवी साहस ठरले असते. पण सांगणारा मनुष्य स्वतः त्या पाण्यात पोहत होता. त्याने दिलेली माहिती पुस्तकी नव्हती, आणि तो सावकारही नव्हता. मुंढव्याच्या त्या कारखान्याने पुढे जगभरच्या मोटार कारखान्यांना माल पुरवला. कारखान्याचे श्रेय कल्याणींचेच. परंतु पहिल्या उडीच्या वेळी काठावरून 'खोली इतकी आहे' असे सांगणारा कोणी होता, हेही विसरता कामा नये.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण आपल्याकडे मैत्री आणि भागीदारी यांची सररास गल्लत होते. दोघांचे जमले की लगेच 'मिळून काहीतरी काढू' असा बेत निघतो. भागीदारी वाईट असे मुळीच नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी आपल्या ठेकेदारीचा आरंभ लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतील एका माजी कारकुनाच्या भागीदारीत केला. बार्शी लाईट रेल्वेचे काम घेऊन ही जोडी पुढे आली, आणि कंपनीच्या नावात फाटक आधी व वालचंद नंतर होते, हे कारकून वाचकांनी अवश्य ध्यानात ठेवावे. परंतु भागीदारीत दोघांचा हात एकाच गल्ल्यात असतो. बजाज आणि फिरोदिया या दोन घराण्यांचे संबंध स्वातंत्र्यलढ्यापासूनचे. दोघांनी मिळून महाराष्ट्राला रिक्षा, स्कूटर आणि टेम्पो दिले. तरीही पुढे वितुष्ट आले आणि बजाज ऑटोच्या समभागांच्या नोंदणीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. कोण बरोबर, कोण चूक, या वादात शिरण्याचे येथे कारण नाही. जिव्हाळ्याच्या संबंधांवर मालकीच्या वाट्याचा भार पडला की ते किती ताणले जातात, एवढेच पाहायचे. मला अभिप्रेत असलेला सोबती आपल्या गल्ल्यात हात नसलेला असतो. तुमचा नफा झाला तर त्याला दमडी मिळत नाही, तुमचे बुडाले तर त्याचे काही जात नाही. म्हणूनच तो खरे बोलू शकतो.

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा सोबत्यांचे एक मंडळ होते. पौर्णिमेच्या आसपासच्या दिवशी ही मंडळी एकमेकांच्या घरी जेवायला जमत. हेतू असा की रात्री उशिरा परतताना रस्त्यावर चांदणे असावे. म्हणून त्याला 'चांद्र मंडळ' असे गमतीदार नाव पडले. धातूच्या वस्तू बनवणारा कारखानदार मॅथ्यू बोल्टन, चिनी मातीच्या भांड्यांचा कारखानदार जोसाया वेजवुड, वाफेच्या यंत्राचा जेम्स वॅट, वैद्य इरॅस्मस डार्विन हे त्यांतले प्रमुख. बोल्टन आणि वॅट भागीदार झाले हे खरे. परंतु वेजवुडला बोल्टनच्या गल्ल्यात वाटा नव्हता, डार्विनला तर कारखानाच नव्हता. तरी वेजवुडच्या नाजूक भांड्यांची खराब रस्त्यांवर फूट होते म्हणून कालवा खणण्याच्या चळवळीत डार्विनने लेखणी झिजवली आणि 1766 साली पार्लमेंटने त्या कालव्याला मंजुरी दिली. ही मैत्री मुलांच्या पिढीत सोयरिकीपर्यंत गेली. उत्क्रांतिवादाचा चार्ल्स डार्विन हा या दोघांचाही नातू. वर्षानुवर्षे एकत्र जेवल्याखेरीज अशा गोष्टी घडत नाहीत. एका संध्याकाळी नावाची कार्डे वाटून तर नाहीच नाही.

एकाच धंद्यातले लोक एकत्र बसले की गिऱ्हाइकाच्या खिशावर कट शिजतो, असा आक्षेप ॲडम स्मिथने 1776 सालीच नोंदवला आहे, आणि तो निराधार नाही. आपल्याकडेही 2002च्या स्पर्धा कायद्याने संगनमताने भाव ठरवण्यास मनाई आहे. परंतु ज्या मैत्रीविषयी मी लिहीत आहे तिला एकच धंदा असण्याची गरज नाही, किंबहुना तो निराळा असलेलाच बरा. दूध डेअरीवाला, छापखानेवाला आणि वेल्डिंगचे दुकान चालवणारा यांना एकमेकांचे गिऱ्हाईक पळवायचे नसते. थकबाकी, कामगार, कर आणि कर्ज हे मात्र तिघांनाही सारखेच असतात.

महाराष्ट्रात या दिशेने प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. पुण्यात 1934 साली आ. रा. भट यांच्या पुढाकाराने मराठा चेंबर ऑफ कॉमर्स उभी राहिली. मराठी उद्योजकांनी ठरलेल्या दिवशी भेटावे आणि परस्परांना काम द्यावे, या हेतूने अभियंते माधवराव भिडे यांनी सॅटर्डे क्लबची चळवळ उभी केली. 2005 साली मिलिंद कांबळे यांनी पुण्यातच दलित उद्योजकांची चेंबर स्थापन केली. या शेवटच्या प्रयत्नाचे मोल मला विशेष वाटते. ज्यांच्या सात पिढ्यांत कोणी गादीवर बसलेले नाही, ज्यांना जातीमुळे उधारी मिळणेही कठीण, त्यांनी पंगतीतून मिळणारे शहाणपण आपल्या हाताने उभारायला घेतले. अर्थात संस्था मैत्री देत नाही. फार तर ती खुर्च्या मांडून देते. पुढारी, सत्कार आणि हारतुरे यांनी बैठक भरली की जो मनुष्य आपली अडचण बोलायला आला होता तो मागच्या रांगेतून उठून जातो.

शिवाय या साऱ्या संस्थांची पाळेमुळे शहरांत आहेत. भोर किंवा वेल्ह्याच्या दुकानदाराला त्यांच्या बैठकीसाठी दिवसाचा धंदा बुडवून पुण्यास जावे लागेल. एका गावात असे धंदेवाले कितीसे निघणार, चार की पाच? तेवढे पुष्कळ झाले. त्यांना सभागृह नको, घटना नको, वर्गणीही नको. महिन्यातून एक संध्याकाळ, बाहेर न जाणारी बोलणी आणि परस्परांस जामीन न राहण्याचा करार एवढ्यावर भागेल. जामिनाचा नियम तर पहिल्याच दिवशी करावा. खेड्यात संध्याकाळी सर्वांना मोकळी असलेली, कोणाच्याही मालकीची नसलेली आणि दिवाबत्तीची सोय असलेली जागा म्हणजे शाळा. तिची किल्ली मुख्याध्यापकांकडे असते, आणि गावातल्या त्या चारपाच जणांपैकी निदान दोघे त्यांच्याच वर्गात शिकून गेलेले असतात.